मोठ्यानं म्हटलेला डबल

संघपाल मेश्राम पाटबंधारे खात्यात कारकून होते. धरणाच्या वसाहतीत बदली असताना तिथल्या शाळेचे मास्तर वासुदेवराव कापगते यांनी त्यांना ब्रिज हा पत्त्यांचा खेळ शिकवला. पस्तीस वर्षं दोघं जोडीनं खेळले.

गेल्या दिवाळीनंतर साकोलीला वाचनालयाच्या खोलीत स्पर्धा झाली. शेवटच्या डावात बोली लावताना वासुदेवरावांनी ‘एक चौकट’ म्हटलं. त्यांच्या डावीकडची तृप्ती, बँकेतली तरुण अधिकारी, ‘एक इस्पिक’ म्हणाली. संघपालांच्या हातात पाच दणकट इस्पिकं होती.

जोडीचा ठराव साधा होता. अशा वेळी डबल म्हणजे निगेटिव्ह डबल. ‘माझ्याकडे चार बदाम आहेत, तुमच्याकडेही असतील तर बोला’ एवढाच त्याचा अर्थ. समोरच्याला इस्पिकात पाडायचं असेल, तर आधी गुमान पास म्हणायचं आणि जोडीदार डबल म्हणेल याची वाट बघायची. बोलीच्या आवाजातून जोडीदाराला काही सुचवणं ही लबाडी.

संघपालांना धीर धरवला नाही. एरवी हळू म्हणायचे, त्या दिवशी “डबल!” असं दणकून म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या माना वळल्या. वासुदेवरावांनी पास दिला, म्हणून तृप्तीला इस्पिकातच खेळावं लागलं. तिला चार हात कमी पडले. कप या जोडीला मिळाला.

पुढच्या रविवारी विहारात पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी संघपालांची जीभ अडली. न दिलेलं घेणार नाही, हे ते लहानपणापासून म्हणत आले होते. सोमवारी ते बँकेत गेले.

“पोरी, तो डबल मी मुद्दाम मोठ्यानं म्हटला.”

“मले समजलं होतं, काका.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुम्हीच मले हा खेळ शिकवला. कोणत्या तोंडानं बोलू?” तिनं समोरची फाईल मिटली. “पण सरांच्या हातात चार बदाम निघाले. त्यांनी बदाम बोलाले पाहिजे होतं ना?”

हे संघपालांच्या ध्यानातच आलं नव्हतं. चूक आपल्या एकट्याची, असं ते धरून चालले होते. दुपारच्या बसनं ते मास्तरांच्या गावी, एकोडीला गेले. वासुदेवराव अंगणात धान वाळवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“सर, माह्यामुळं तुम्ही फसले.”

“फसलो नाही. तुह्या आवाजावरून समजलं मले, म्हणूनच पास दिला.” मास्तर खाली बसले. “कॉपी केली म्हणून किती पोरांले वर्गाबाहेर काढलं मी.”

दुसऱ्या दिवशी दोघांनी जाऊन आयोजकांना खरं सांगितलं आणि कप परत केला. तो तृप्तीच्या जोडीला मिळाला. तिनं तो हसत घेतला नाही.

त्यानंतर वासुदेवराव खेळायला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. संघपाल दर गुरुवारी एकोडीला जातात. दोघं चहा पितात, धानाच्या गोष्टी करतात. पत्त्यांचा विषय निघत नाही. ज्यानं हा खेळ आपल्या हातात दिला, त्याच्याच हातून तो आपल्यामुळं सुटला, हे परतीच्या बसमध्ये संघपालांना दर वेळी टोचतं.