पिंपांमागची कार्डं

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मुदखेडहून माझी बदली तिकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात झाली, नोंदणीची खोली उभी करायला. योजना सोपी होती. प्रत्येक रुग्णाला कायमचा नंबर आणि त्याचं कार्ड आमच्या कपाटात. तो पुन्हा आला की कार्ड काढून डॉक्टरांपुढं ठेवायचं.

मग दुष्काळ पडला. टँकरचं पाणी चोरीला जाऊ लागलं आणि साऱ्या दवाखान्यात कुलूप लागणारी खोली एकच, माझी. डॉक्टरांनी पाण्याची पिंपं तिथं आणून ठेवली. मी कुरकुरले, तर म्हणाले, "ताई, लोकांना प्यायला पाणी नाही, तुम्ही कागदांचं काय घेऊन बसलात?" शिपाई दिवसभर बादल्या भरून न्यायचा, निम्मं पाणी कपाटापाशी सांडायचं. जिल्ह्याला कळवलं, तर उलट विचारणा आली, कार्डं गावनिहाय का लावली नाहीत? लावायला बसले, तर त्यांनी पाठवलेली गावांची यादी जुन्याच जिल्ह्याची!

एके सकाळी निलंग्याकडची एक बाई तापानं फणफणत आली. सिस्टर पेनिसिलीन भरून उभ्या राहिल्या, तशी तिनं हात मागं घेतला. "सुई नको बाई. मागल्या बारीला लई त्रास झाला. अंगावर गांधी उठल्या, दम कोंडला."

"कोणती सुई होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय ठावं? हितंच दिली व्हती."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "कार्ड काढा."

मी पिंपं ढकलून कपाट उघडलं. खालचा कप्पा भिजलेला, कार्डं एकमेकांना चिकटलेली. एक गठ्ठा सोडवला, तर शाई बोटांना लागली. बाहेरून डॉक्टर ओरडून राहिले होते, "सापडलं का?" रागानं मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी रिकाम्या हातानं बाहेर आले आणि म्हणाले, "कार्ड गेलं पाण्यात. पण ती स्वतः सांगून राहिली ना, साहेब!"

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवायला लावून दुसऱ्या गोळ्या लिहिल्या. त्या गोळ्यांनी तिचा ताप उतरला.

ती जाताना मी तिच्या औषधाच्या कागदावर लाल शाईनं लिहिलं, 'पेनिसिलीन देऊ नये', आणि बजावलं, "मावशी, कुठल्याबी दवाखान्यात गेलात की हे आधी दाखवा."

पुढं ज्यांना औषध बाधलं, त्या सगळ्यांना आम्ही असा कागद देऊ लागलो. पाहणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "याची तरतूद कुठं आहे?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या नावावर शेरा मारला आणि प्यायला पाणी मागितलं.