बासष्ट पत्रिका आणि एक गोदावरी

आमच्या आईचं नाव गोदावरी. तिचं माहेर नदीकाठचं. तिकडे मुलगी झाली की नदीचं नाव ठेवून मोकळे होत, फार डोकं लावत नसत. आई परभणीत नांदायला आली तेव्हा आमच्या गल्लीतली ती चौथी गोदावरी. ओळख पटावी म्हणून लोक एकीला नळाजवळची म्हणत, एकीला सुताराची, एकीला थोरली. आई धाकटी.

मला मोजायची खोड आहे. आई गेल्यावर घरात साठलेल्या लग्नपत्रिका रद्दीत द्यायच्या आधी मी चाळल्या. बासष्ट भरल्या. त्यांत गोदावरी नावाची नवरी एकही नव्हती. पाच पत्रिकांत ते नाव होतं, पण पाचही ठिकाणी आधी 'कै.' छापलेलं. हे मी थोरल्या बहिणीला सांगितलं. तिनं ते मनाला लावून घेतलं.

पुढे वर्षभरात धाकट्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून बहीण पूर्णेहून बारशाच्या आदल्या दिवशीच आली आणि तिनं भावजयीला सरळ विचारलं.

"ठेवा की ताई," भावजय म्हणाली. "पण सासूबाईंचं नाव मी तोंडानं घेणार न्हाई. आमच्या घरी तसंच शिकवलंय."

"मग लेकराला हाक कशी मारशील?"

"सोनू म्हणीन."

"म्हंजे कागदावर माझी आई आन् घरात सोनू! लय भारी!"

तरी दुसऱ्या दिवशी तिनं बाळाच्या कानात गोदावरीच सांगितलं. आणि झालं भावजय म्हणाली तसंच. आम्ही सगळे सोनू म्हणू लागलो, मीसुद्धा. बहीण फोनवर विचारायची, "आज किती वेळा गोदावरी म्हणलास?" मला खोटं बोलता येत नाही. "एकदाही नाही," म्हणायचो. मग ती फोन ठेवून द्यायची.

दिवाळीला ती आली तेव्हा पोर रांगत होती. भावजय स्वयंपाकघरात खाली शेगडी मांडून चकल्या तळत होती. ती पीठ घ्यायला उठली, तेवढ्यात पोर कढईकडे निघाली.

"सोनू! ए सोनू!" भावजय ओरडली.

पोरीनं वळून पाहिलं नाही.

"गोदावरी!"

पोर जागच्या जागी बसली. नावामुळे नव्हे, आवाजामुळे बसली असेल. बहिणीनं झटकन तिला उचललं. भावजयीनं पिठाचा हात तोंडावर धरला होता.

"ताई, चुकून गेलं तोंडातून."

बहीण पोरीला छातीशी धरून उभी होती. डोळे भरलेले, पण आवाज नेहमीचाच.

"चकल्या जळायल्यात. त्या काढ आधी," ती म्हणाली. "आन् मग परत एकदा मार हाक."