एकट्याला खोली मिळेल का? राजापूर, दापोली, संगमेश्वर

वरची खोली पर्यटकांना द्यायची, हे मुलाने मुंबईहून फोनवर ठरवूनही टाकलं. "बाबा, तेवढीच घरात माणसं येतील." हिला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि दुपारी घर खायला उठायचं, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. पण पाहुण्यांना नियम काय लावायचे? म्हटलं, आजूबाजूच्या गावांत आधी स्वतःच पाहुणा होऊन बघू. रत्नागिरीहून एसटी धरली.

राजापूरला ओळखीच्या घरी उतरलो. तिथला नियम, घरात मासे आणायचे नाहीत. "खायचे तर बाजारातच खाऊन या, आणि हात धुऊन या," मालक म्हणाले. कुळथाची पिठी आणि भात मात्र असा की माशांची आठवण झाली नाही. ओळख होती म्हणून एकट्याला खोली मिळाली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

ते दापोलीत आलं. एसटीत हाडं खिळखिळी करून पोचलो, तर एका दारावर पाटी, 'फक्त कुटुंबांसाठी'. दुसरीकडे पाटी नव्हती, पण मालक तेच म्हणाले.

"काका, राग मानू नका. एकटा माणूस आला की आम्हालाच झोप लागत नाही. काही बरंवाईट करून घेतलं तर?"

"अहो, मी नियमांची चौकशी करायला आलोय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

इतका संसार करून म्हातारपणी मी संशयित ठरलो. शेवटी स्टँडजवळच्या साध्या लॉजमध्ये पडलो. एकटे जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. मला फार वाईट वाटलं, कारण माझ्या पाटीवरही मी 'फक्त कुटुंबांसाठी' असंच लिहिणार होतो.

परतताना संगमेश्वरला उतरलो. नदीकाठी एक काकी दोन खोल्या चालवतात. आधार कार्ड त्या बघतातच, शिवाय घरचा एक नंबर मागतात आणि समोरच फोन लावतात. मी सवयीने घरचा नंबर घडाघडा सांगितला. हिने हौसेने घेतलेला लँडलाइन मी अजून काढलेला नाही. रिंग वाजत राहिली. हिने विणलेल्या रुमालावरचा तो फोन मला दिसत होता, आणि खरं सांगतो, आता ती उचलेल म्हणून मी थांबलो होतो.

"कोन उचलीत नाय वो."

"उचलणारं कुणी नाही आता," मी म्हणालो.

काकींनी फोन खाली ठेवला. "हातपाय धुवा. भाकऱ्या टाकते."

खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला आलो. कुलूप काढतोय तोवर आत फोन वाजू लागला. चपला न काढताच धावलो.

"पोचलाव काय?"

"पोचलो."

"बरा झाला. मघापास्ना लावतंय. ठेवते."

कुणीतरी माझी वाट बघत होतं. रिसीव्हर मी बराच वेळ हातात धरून होतो.

खोली आता सुरू झाली आहे. मासे चालतात, एकटा माणूसही चालतो. नियम एकच ठेवलाय, घरचा नंबर द्यायचा. घरी उचलणारं कुणी नसेल, तर स्वतःचाच द्यावा. तुम्ही परत घरी पोचायच्या वेळेला मी फोन करीन.