दिल्लीची सही, नायगावची शाखा

मोठ्या पक्षांत सभासद वाढतात. आमच्यासारख्या छोट्या पक्षात किस्से वाढतात. मुंबईतल्या नायगावच्या शाखेत आम्ही खरं तर दोनच गोष्टींची वाट बघत बसतो, क्रांतीची आणि दिल्लीच्या उत्तराची. मधल्या वेळात जे घडतं, ते हे!

शाखा म्हणजे एका जुन्या चाळीच्या जिन्याखालची खोली. बाहेर फळा, आत सहा खुर्च्या. सचिव तात्या सावंत मूळचे मालवणचे. गिरणी बंद पडली त्या वर्षी ते पक्षात आले, ते अजून आहेत. रोज सकाळी फळा तेच लिहितात. सुलभाताई बालवाडीत शिकवतात आणि उरलेल्या वेळात आख्ख्या चाळीचे अर्ज भरतात. मी एम.ए. करून तीन वर्षांपूर्वी आले, सगळं सहा महिन्यांत बदलायचं असं ठरवून.

आमची चाळ पुनर्विकासात गेली आहे. नवं घर मिळणाऱ्यांच्या यादीत अर्ध्या घरांपुढे 'अपात्र' लिहून आलंय, त्यात सुलभाताईंचंही घर. पालिकेची रखडलेली निवडणूक लागणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "सभागृहात उभं राहून ही यादी वाचणारं एक माणूस हवं. मी वाचते."

तिकीट मात्र दिल्लीच्या हातात होतं.

*

पहिला किस्सा चाळीच्या पाण्याचा. पालिकेने पाणी तोडलं म्हणून आम्ही तीन दिवस वॉर्ड ऑफिसच्या दारात बसलो. तिसऱ्या दिवशी पोलिसांनी गाडीत घातलं. तात्यांचा चष्मा त्यात फुटला. आठवड्याने दिल्लीहून केंद्रीय कार्यालयाचं पत्र आलं. एकच ओळ : "आपकी चेष्टा सराहनीय है।"

तात्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि दोन दिवस तसंच घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चेडवा, आमचे चष्मे फुटले, आणि हे म्हणतत आम्ही चेष्टा केली?"

मी समजावलं, "तात्या, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न."

त्यांनी खिशातलं पत्र काढून परत वाचलं. मग म्हणाले, "असा काय! मग त्यांका बरोब्बर कळला हा."

*

मग परिपत्रक आलं. देशभर प्रत्येक शाखेने झाडाखाली 'चौपाल', म्हणजे गावबैठक, भरवावी, पिकाच्या भावावर चर्चा करावी आणि फोटो पाठवावा. नायगावात पीक! तरी पक्षशिस्त म्हणजे पक्षशिस्त.

आमच्या चाळीसमोर एक पिंपळ होता. तो पुनर्विकासासाठी महिन्यापूर्वीच तोडला होता. त्याच्या विरोधात आंदोलन करायला आम्ही दिल्लीची परवानगी मागितली होती. उत्तर यायच्या आत पिंपळ गेला. आम्ही उरलेल्या बुंध्याभोवती खुर्च्या मांडल्या. तात्या बुंध्यावर बसले. भाषणं झाली. कांद्याच्या भावावर बायका तासभर बोलल्या, आणि मनापासून बोलल्या.

फोटो पाठवला. या वेळी दिल्लीचं उत्तर दहा मिनिटांत आलं : "पेड़ फ्रेम में नहीं आया।"

*

पक्षाच्या ऑनलाइन बैठकीत सुलभाताईंना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी आठवडाभर हिंदीची तयारी केली. बालवाडीच्या पाटीवर वाक्यं लिहून पाठ केली. पात्र-अपात्र, भाड्याच्या खोल्यांत फेकली गेलेली कुटुंबं, आणि शेवटी : "हमको टिकट टाइम पे मंगता है, आखिरी दिन को नहीं।"

दिल्लीतले महाराष्ट्राचे प्रभारी हात जोडून म्हणाले, "बहुत मीठी भाषा है मराठी!"

ताईंनी मोबाइल उलटा ठेवला. "मी हिंदी बोलत होते ना गं?" त्यांनी मला विचारलं. आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे तिकिटाचं त्यांना कळलंच नाही."

*

हा किस्सा माझा आहे आणि तो सांगताना मला अजून लाज वाटते.

मीटिंगनंतर मी पेटले. राष्ट्रीय अध्यक्षांना चार पानी पत्र लिहिलं. शाखा म्हणजे तुमचा फोटो स्टुडिओ आहे का, नायगावचा निर्णय नायगावात का होत नाही, सुलभाताईंचं नाव आजच का जाहीर करत नाही. एकेक शब्द धार लावून. पाठवलं आणि हकालपट्टीची वाट बघत बसले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. मला राष्ट्रीय युवा सह-समन्वयक नेमलं होतं! पत्रातल्या एकाही प्रश्नाला उत्तर नव्हतं. आणि मी, कॉलेजात सत्तेच्या स्वरूपावर प्रबंध लिहिलेली मी, दोन दिवस खूश होते. मोबाइलवर नावाखाली पद टाकलं. त्या दोन दिवसांत तिकिटासाठी एकदाही फोन केला नाही.

तात्यांनी फळ्यावर माझं अभिनंदन लिहिलं. खाली बारीक अक्षरात : 'गिरणीत युनियनवाल्याक मुकादम करीत, तसा.'

मी पद काढलं. पण ते दोन दिवस गेले ते गेलेच.

*

निवडणूक लागली, आणि आला अर्ज भरायचा शेवटचा दिवस. मुदत दुपारी तीनपर्यंत. अर्जासोबत एबी फॉर्म लागतो. हा आमचा उमेदवार आहे, असं पक्षाने लिहून दिलेला कागद. तो नसेल तर तुम्ही अपक्ष, पक्षाचं चिन्ह मिळत नाही.

तिकीट अखेर ताईंनाच मिळालं होतं आणि फॉर्म दिल्लीहून कुरियरने निघाला होता. तो दीड वाजता आला! सुलभाताईंनी पाकिटाला आधी नमस्कार केला. लग्नातली हिरवी साडी नेसून आल्या होत्या. बावीस वर्षं पक्षाची पत्रकं वाटलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा पक्षाच्या कागदावर छापून आलं होतं. खाली महासचिवांची झोकदार निळी सही.

निवडणूक कार्यालयातला कारकून भला माणूस होता. त्याने कागद उजेडात धरला. मग टेबलावरच्या ओल्या स्पंजला बोट लावलं आणि सहीवरून हलकेच फिरवलं.

काहीच झालं नाही.

"ताई, सही पसरत नाही. ही प्रिंट आहे. शाईची लागते."

"पण निळी आहे हो!"

"प्रिंटरमध्ये निळा रंग असतो, ताई."

मी बाहेर धावले. प्रभारींना फोन लावला. ते जेवत होते. "अरे, सबको यही भेजा है," ते म्हणाले. "एडजस्ट करवा लीजिए।"

मुंबईतून आमच्या पक्षाची एकच उमेदवार होती. सबको म्हणजे कुणाला, हे अजून कळलेलं नाही.

तीन वाजले. कारकुनाने अर्ज घेतला, पण अपक्ष म्हणून. जिना उतरताना ताई म्हणाल्या, "चला, यादी तर तीच वाचायची आहे ना?" आम्ही हो म्हणालो. तात्या जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

*

मतदानाला चार दिवस होते. शाखेत पत्रकांच्या घड्या घालत बसलो होतो. तेवढ्यात पोस्टमन रजिस्टर्ड पत्र घेऊन आला. पत्र सुलभाताईंच्या नावाचं होतं, पण त्यांच्या हाताला पत्रकांची शाई लागली होती, म्हणून म्हणाल्या, "तात्या, वाचा तुम्ही."

तात्यांनी नवा चष्मा घातला. पत्र हिंदीत होतं. ते सावकाश, प्रत्येक शब्द तोलत वाचू लागले. आमच्या वॉर्डात पक्षाने आता मित्रपक्षाला पाठिंबा दिला आहे. असं असताना आपण निर्दलीय, म्हणजे अपक्ष, उभ्या राहिलात. "आपकी यह चेष्टा दल-विरोधी है।" म्हणून सहा वर्षांसाठी पक्षातून निष्कासित. नायगाव शाखाही बरखास्त.

या वेळी 'चेष्टा'चा अर्थ कुणी विचारला नाही.

"खोटं असेल," मी म्हणाले. "अपक्ष त्यांनीच केलं ना आपल्याला! त्या वेळी सही पाठवता आली नाही त्यांना. कुणीतरी खोडसाळपणा केलाय."

सुलभाताईंच्या चेहऱ्यावर जरा आशा आली. "हो तात्या, बघा ना नीट."

तात्यांनी पत्र दाराशी उजेडात नेलं. खाली महासचिवांची तीच झोकदार निळी सही होती. तात्यांनी बोट जिभेला लावलं आणि सहीवरून फिरवलं.

बोट निळं झालं. त्यांनी ते ताईंना दाखवलं.

"ओरिजिनल आसा गो."