पाच घरचे लंगोट

कुंभारी गाव मागं पडलं, ऊन डोक्यावर आलं, आणि चंद्रव्वानं पुन्हा रस्ता सोडला. बाभळीखाली फतकल मारून तिनं पोतडीतून एक लंगोट काढला, नाकाशी नेला, उलटा करून बघितला, झटकला आणि मगच नातीच्या कमरेला बांधला. ओला झालेला लंगोट खताच्या गोणीच्या तुकड्यात गुंडाळून पोतडीच्या तळाशी घातला, पोतडीचं तोंड आवळलं आणि तिच्यावर गुडघा ठेवूनच ती लेकराला झोळीत घालू लागली. मी छत्री धरून उभी होते.

"वैनी, सावली लेकरावर धरा, माझ्यावर नगं," ती म्हणाली. मग माझ्या पायांकडं बघून, "आनि तुमची सावली जरा तिकडं घ्या की."

मी सरकले. ऊन आहे तिथं सावली पडायचीच, त्याला मी काय करणार? पण तिनं तसं का म्हटलं ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळलं होतं.

जुळे सोलापुरातली आमची पंधरा-वीस माणसं दरवर्षी मार्गशीर्षात अक्कलकोटला पायी जातात. एक मुक्काम वळसंगला, दुसऱ्या दिवशी दर्शन. पुढं झेंडा घेऊन गुरुशांत अण्णा. त्यांचं कॉलनीत किराणा दुकान आहे, आणि ह्या वारीचं सगळं तेच बघतात. मागं टेम्पो, त्यात स्वामींच्या पादुकांची लहानशी पालखी, पाण्याचे जार आणि आमच्या पिशव्या. यंदा पहिल्यांदाच आमच्यात तान्हं लेकरू होतं. चंद्रव्वा, तिची लेक काव्या, आणि काव्याची आठ महिन्यांची सृष्टी. सृष्टी हे दाखल्यावरचं नाव. चंद्रव्वा तिला दगडी म्हणते. दगडाला कोण नजर लावतंय?

तिचंही खरंच होतं. काव्याची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. दवाखान्यानं प्रत्येक वेळी वेगळं कारण सांगितलं, आणि चंद्रव्वानं त्यातलं एकही मानलं नाही. तिसऱ्या वेळी लेक पोटुशी राहिली तेव्हा तिनं स्वामींना नवस बोलला, की लेकराला वर्षाचं होईपर्यंत पाच घरच्या मागून आणलेल्या कापडात वाढवीन, आणि त्याच कापडात पायी तुझ्या दारी आणीन. पाच घरं म्हणजे ज्या घरात लेकरं-नातवंडं धडधाकट नांदतात अशी. तिनं पदर पसरून मागितलं. कुणी जुनं लुगडं दिलं, कुणी परकर, कुणी पंचा. पाचवं घर धोंडप्पांचं, पणतवंडांनी भरलेलं. त्यांच्या विरलेल्या धोतरातून एकच धड लंगोट निघाला. पांढरा, सायीसारखा मऊ, एका कडेला केशरी काठ.

काव्या गारमेंटच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. तिला हे सगळं नको होतं. प्रवासात डायपर बरे, ती म्हणायची, घातलं की दिवसभर बघायला नको. "बघायला नको म्हनूनच नगं," चंद्रव्वाचं उत्तर. "लेकरू ओलं हाय का कोरडं, तेबी आईला ठावं नसंल तर मग आई कशाला?"

कुंभारीच्या नळावर काव्यानं घाईत नेमका तोच केशरी काठाचा लंगोट लेकराला बांधला, आणि लेकरानं लगोलग तो भिजवला. चंद्रव्वानं तो देवदर्शनासाठी राखून ठेवला होता. तिनं लेकीला कानडीत काय काय सुनावलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण नळावरच्या म्हशीनंही मान वळवली. मग तिनं तो रिठ्याच्या पाण्यात धुतला. पिळला मात्र नाही. लहान लेकराचं कापड पिळलं की त्याच्या पोटात पीळ पडतो, म्हणून नुसता निथळवायचा. एवढं ओलं कापड चालता चालता वाळवायचं कसं? बाकीचे तिनं उघड्या छत्रीवर पसरले होते. दुरून बघणाऱ्याला वाटावं, पांढऱ्या-निळ्या ठिगळांची छत्रीच आहे. पण हा एक तिनं छत्रीवर टाकला नाही. टेम्पोत गेली आणि पालखीच्या वरच्या दोरीला बांधून आली.

चंद्रव्वा कुणावर विश्वास टाकत नाही. देवळात जाते तेव्हा एक चप्पल दाराच्या डाव्या हाताला काढते, दुसरी उजव्या. चोराला जोड मिळू नये म्हणून. वीस वर्षं आमच्या भागात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालते, तर पाणी आधी स्वतःच्या कोपरावर घेते, मग बाळाच्या आईच्या कोपरावर घालते, आणि "बरोबर हाय न्हवं?" असं तोंडानं वदवून घेते. उद्या कुणी म्हणायला नको. तशी तिची माझी ओळख जुनी. पण माझ्या घरी तिला कधी यावं लागलं नाही. देवानं आमच्या घरात पाळणा दिला नाही. माझं त्याबद्दल देवाशी भांडून झालंय, आता भांडत नाही.

दुपारी माझा गुडघा धरला. अण्णा म्हणाले, "वहिनी, हट्ट करू नका, टेम्पोत बसा." मी बसले. पालखीच्या शेजारी, पिशव्यांना टेकून. चहाच्या टपरीपर्यंत गेले, तिथं उतरले, आणि मग वळसंगपर्यंत पुन्हा चालले. टेम्पोत मी दोरीकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून जप करत होते, आणि खरं सांगायचं तर मधे डुलकी लागली.

वळसंगला शाळेच्या आवारात उतरलो. दिवेलागणीच्या आत लेकराचं कापड आत घ्यायचं असतं. चंद्रव्वानं छत्रीवरचे लंगोट गोळा केले, घड्या घातल्या, मग टेम्पोत चढली. आणि खाली उतरलीच नाही. बऱ्याच वेळानं टेम्पोच्या मागं तिचं तोंड दिसलं.

"माजं कापड कुटं हाय?"

कुणाला आधी कळेना. काव्या धावली. पिशव्या हलवल्या, जार सरकवले. पालखीचा पडदा ओढलेला होता, देवाला मात्र कुणी हात लावला नाही. अण्णा बिचारे स्वतः टॉर्च घेऊन टेम्पोखाली वाकले. "कसला होता? इलास्टिकचा?" "नाडीचा हो अण्णा," काव्या रडकुंडीला येऊन म्हणाली.

"वाऱ्यानं उडाला असेल," मी म्हणाले.

"गाठ मारल्याली हुती." चंद्रव्वानं माझ्याकडं बघितलं. "वारा गाठ सोडतोय व्हय?"

आमच्याकडं एक समज आहे. तो कुणी पुस्तकात लिहीत नाही, पण बायकांना माहीत असतो. मूल नसलेली बाई दुसऱ्याच्या लेकराचं कापड चोरून नेते, म्हणजे तिची कूस उजवते आणि त्या लेकराचं आयुष्य सरतं. असली गोष्ट एकदा एखादीच्या नावाला चिकटली की मग हळदीकुंकवाची बोलावणी आपोआप थांबतात, आणि बारशाच्या घरी बाई दारात दिसली की बाळ आतल्या खोलीत जातं. मला त्यातलं थोडं आधीच माहीत होतं. आता सगळं माहीत व्हायची वेळ आली होती.

"दुपारी टेम्पोत कोण बसलं होतं?" हे सुंदरम्मा. माझ्या समोरच्याच बिल्डिंगीत राहतात. आवाज अगदी साधा, जणू मीठ कुठं ठेवलंय ते विचारताहेत.

"मी बसले होते. गुडघा दुखत होता."

"गुडघ्याचं खरंच आहे हो वहिनी. मी आपलं सहज विचारलं."

सगळ्या बायकांना एकाच वेळी आपापल्या पिशव्यांमध्ये काहीतरी शोधायचं आठवलं. मी माझी पिशवी उचलली आणि चंद्रव्वाच्या पुढ्यात ठेवली. "बघा."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, राहू द्या वैनी. तिनं बघितलं. साडी झटकली, परकर झटकला, डब्याचं झाकण उघडलं, जपमाळेच्या गोमुखीत हात घालून चाचपलं, आणि पिशवी उलटी करून तळाची शिवणसुद्धा तपासली. मग सगळं नीट घडी करून परत भरलं. माझ्यापेक्षा नीट भरलं.

"न्हाय हितं," ती म्हणाली. 'तुम्ही नेलं नाही' असं म्हणाली नाही.

आता माझ्याही मनात संशय शिरला. तो शिरला की मग घरच्यासारखा राहतो. सुंदरम्माला इतकी घाई कशाची? आणि काव्या? तिला तर हे लंगोट नकोच होते. पाणी भरायच्या निमित्तानं मी शाळेच्या मागं गेले, तर काव्या भिंतीआड लेकराला डायपर घालत होती.

"काव्या, खरं सांग. तू तर टाकला नाहीस ना उसात?"

"मावशी! देवाशप्पथ नाही." मग नाक पुसून म्हणाली, "आणि टाकायचेच असते तर मी सगळेच टाकले असते की. एकच कशाला टाकू?"

हे पटण्यासारखं होतं. तिनं डायपर झाकायला वरून लंगोट बांधला आणि माझ्याकडं बघितलं. "आईला सांगू नका." मी मान हलवली. आता माझ्यावर एक चोरीचा आळ होता आणि एक खरी चोरी पोटात होती.

रात्री चंद्रव्वानं लेकराला कुशीत आणि पोतडी उशाला घेतली. माझी सतरंजी तिच्या शेजारी होती. तिनं मधे लेकीला झोपवलं.

सकाळी अण्णांनी पालखी टेम्पोतून बाहेर काढली. आम्ही हात जोडून उभे राहिलो. धूप लागला, आरती झाली, आणि अण्णांनी पादुकांवरचं वस्त्र दोन बोटांनी हळूच उचललं. पांढरं, सायीसारखं मऊ. कडेला केशरी काठ. आणि घडीतून, एका कोपऱ्यातून, करंगळीएवढी नाडी लोंबत होती.

"काल पाण्याचा जार गळला, जुनं वस्त्र भिजलं," अण्णा भक्तिभावानं सांगत होते. "टपरीवर बघतो तर पालखीच्या दोरीलाच हे सोवळ्यासारखं स्वच्छ वस्त्र. म्हटलं, कुणीतरी देवासाठीच बांधून ठेवलंय. नाव सांगायचं नाही म्हणून गुपचूप."

त्यांनी ते वस्त्र पुढं धरलं आणि एकेक जण येऊन त्याला कपाळ लावू लागला. सुंदरम्मांनी तर डोळ्यांनाही लावलं. माझी पाळी आली तेव्हा वास आला, रिठ्याचा आणि उन्हाचा. विटाळबिटाळ मला काही वाटला नाही. लेकराच्या अंगचं देवाला चालत नसेल, तर आपलं कुठलं चालायचं?

मान वर केली तर समोर चंद्रव्वा. पदराचा बोळा तोंडात धरून उभी. तिनं ओळखलं होतं, आणि मी ओळखलंय हेही तिनं बघितलं होतं. काव्या मागं शाळेच्या पडवीत लेकराला पाजत होती; आमच्या दोघींशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं नुसती मान हलवली, डावीकडं, उजवीकडं. अण्णांनी वस्त्र पुन्हा पादुकांवर घातलं आणि झेंडा उचलला.

म्हणजे ती बोलणार नव्हती. देवाच्या अंगावरचं ओढून घेणं नाही, आणि पंधरा-वीस जणांनी लंगोटाला कपाळ लावलं हे सांगणंही नाही. ते मला पटलं. पण मग माझं काय? सुंदरम्मा अजून माझ्यापासून चार हात लांबूनच चालत होत्या.

ऊन चढेपर्यंत चंद्रव्वा मागंच राहिली. मग अक्कलकोट जवळ आलं तशी झपाझप येऊन माझ्या बरोबरीला लागली. झोळीत दगडी झोपलेली.

"मीच बांधलं हुतं तितं," ती म्हणाली. "माणसांचा भरवसा न्हाय म्हनून देवाच्या हवाली केलं. तर देवानंच ठिवून घेतलं बगा."

"मग माझी पिशवी कशाला उलटी केलीत?"

"बगितली म्हनून तर ठावं झालं, तुमी नेलं न्हाय. न बगता 'न्हाय' म्हटलं असतं तर तुमी इस्वास ठिवला असता व्हय?"

मी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"पन वरीस हुयाला अजून चार म्हयने हायत," ती म्हणाली. "पाचातलं एक घर गेलं. एक घर घालाय पायजे."

"धोंडप्पांकडंच मागा परत."

"त्येंचं देवाकडं जमा झालं. आता दुसरं घर." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन बघते तसं. "तुमचं घालते."

मी थांबलेच. "माझ्या घरात लेकरू नाही, चंद्रव्वा. तुमच्या रीतीत माझं घर बसत नाही."

"ते मला ठावं न्हाय व्हय? ईस वर्सं झाली, तुमच्या दारावरनं जाते मी."

माझ्या मनात काय काय आलं. मी गप्प राहावं म्हणून हे चाललंय? का माझं कापड ती तारण म्हणून ठेवणार, म्हणजे उद्या लेकराला शिंक आली तरी कुणाचं दार वाजवायचं ते माहीत असावं? चंद्रव्वा आहे, ती असंही करेल. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिनं नजर वळवली नाही. झोळी सावरली, आणि सुंदरम्मा किती लांब आहेत ते मागं वळून बघून घेतलं.

"ते जांभळं लुगडं हाय न्हवं तुमचं, दोरीवर असतंय, मऊ झाल्यालं? ते काडून ठिवा. नवं नगं. आनि माज्या घरी धाडू नगा. सोमवारी मीच येते. दारात हुबी ऱ्हाऊन, पदर पसरून मागते, तवा द्या. आत बोलवू नगा मला. दारातच द्या, सुंदरम्माच्या ग्यालरीतनं दिसंल असं."