मत होतं, दोर नव्हता

तुमच्या मंडळाच्या घटनेत ‘स्त्री-पुरुष असा भेद मानला जाणार नाही’ असं एक कलम नक्की असेल. मग मला एवढंच सांगा, तुमच्या बैठकीत चहा कोण ठेवतं?

रागावू नका. आमच्याही घटनेत ते कलम होतं, आणि ते लिहिण्यासाठी मीच भांडले होते. आमचं मंडळ होतं शिडाची होडी चालवायला शिकणाऱ्यांचं. डोंबिवलीहून खाडीकडे जाणारी पायवाट भातखाचरांतून जिथे उतरते, तिथल्या काठावर आमची एकुलती एक होडी बांधलेली असे. सभासद दहा-बारा. कचेऱ्यांतले कारकून, शिक्षक, एक शिंपीकाम करणारा, आणि आम्ही दोघी. मी नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. माझी मैत्रीण कल्याणला परिचारिका होती.

शिकवणारे एक माजी नौसैनिक होते. शेहेचाळीस सालच्या नौसैनिकांच्या बंडात त्यांची नोकरी गेली होती, आणि आमच्या दृष्टीने मंडळात येण्यासाठी याहून मोठी लायकी असूच शकत नव्हती. रेतीवाल्यांची एक टाकून दिलेली होडी त्यांनी हेरली. सगळ्यांनी मिळून रविवारी-रविवारी ती खरवडली, फटींत कापूस आणि राळ भरली, तेल पाजलं. आरमारातल्या छोट्या होड्यांना असतं तसं डोलकाठीच्या मागे तिकोनी शीड लावायचं ठरलं. ते शीड आम्ही दोघींनी शिवलं, मांजरपाटाचं, माझ्या आईच्या मशीनवर. मग ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केलं. कितीतरी दिवस आमच्या नखांचा रंग गेला नव्हता.

आता थोडं माझ्या घराविषयी, म्हणजे पुढचं समजेल. माझे वडील पत्रकं लिहीत. छापून आणत, आणि घड्या घालायला आम्ही भावंडं बसायचो. मुळाक्षरंसुद्धा मी पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गिरवली. ‘ज’ जहाजाचा असतो हे मला शाळेत गेल्यावर कळलं; तोवर तो जनतेचा होता. त्यामुळे पहिल्याच सभेत नौसैनिक म्हणाले की होडीवर एक नायक लागतो आणि त्याचा शब्द शेवटचा, तेव्हा माझं रक्त तापलं. स्वतंत्र देशातल्या तरुणांच्या होडीवर हुकूमशहा? मी उभी राहून बोलले. मंडळींना पटलं. होडीवरचा प्रत्येक निर्णय बहुमताने, हात वर करून, असा ठराव झाला. विरोधात एकच हात होता, नौसैनिकांचा.

“नोंदवून ठेवा,” ते चिटणिसांना म्हणाले. “पुढे उपयोगी पडेल.”

चिटणीस नोंदवण्याच्या कामी अत्यंत काटेकोर. बारीक चणीचा, जाड चष्म्याचा माणूस. त्यांचं मन वाईट नव्हतं, फक्त नियमाबाहेरचं काही त्यांना दिसतच नसे.

तो देशातल्या पहिल्या निवडणुकीचा हिवाळा होता. भिंती रंगल्या होत्या, आणि ‘मत’ हा शब्द तोंडात आला की अंगावर काटा यायचा. आम्हा दोघींनाही होडीवर मत होतं. पण बसायची जागा ठरलेली होती, मधल्या फळीवर. सुकाणूपाशी एक पुरुष, शिडाच्या दोराशी एक पुरुष. कोणी तसा नियम केला नव्हता. “तुम्ही बसा हो बाई, तुम्हाला कशाला त्रास,” एवढ्यावर सगळं भागत होतं. आमच्या नखांना अजून त्या शिडाचा रंग होता आणि त्याच्या दोराला आमचा हात लागलेला नव्हता.

एका रविवारी आम्ही सकाळच्या भरतीबरोबर कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापर्यंत वर गेलो. परतताना ओहोटी मदतीला होती, पण वारा पश्चिमेचा, थेट तोंडावर. अशा वेळी होडी सरळ चालत नाही. तिला तिरकी घेऊन एका काठाकडे न्यायचं, तिथे तोंड फिरवायचं, मग दुसऱ्या काठाकडे. एका वळणावर तिवरांच्या झाडीच्या कडेला गाळाचा पट्टा पाण्याखाली होता. आत्ताच फिरवायचं की आणखी थोडं पुढे जायचं, यावर मतभेद झाला. चिटणिसांनी घटनेप्रमाणे मतदान पुकारलं.

“आत्ताच फिरवावं या बाजूने कोण?”

हात वर झाले. दोर धरलेल्या शिक्षकांनी हात वर केला आणि दोर सुटला. शीड फडफडायला लागलं. सुकाणू धरलेल्या कारकुनांनी तर अतिउत्साहात दोन्ही हात वर केले. होडीने स्वतःपुरता विचार केला, सावकाश मान वळवली आणि गाळावर जाऊन बसली. इतकी अलगद, की चिटणीस अजून हात मोजतच होते.

“ठराव मंजूर,” नौसैनिक म्हणाले. “माझं मत विरोधात लिहा.”

त्या गाळात माणूस मांडीपर्यंत रुततो. चालत जाण्याची सोय नाही, ढकलण्याची सोय नाही. पाणी डोळ्यांसमोर उतरत गेलं आणि आम्ही भर दुपारी चिखलाच्या मधोमध, तांबड्या शिडाखाली बसून राहिलो. पलीकडच्या काठावर कोणाची तरी प्रचारसभा चालू होती. कर्ण्यातून आवाज येई, बंधूंनो आणि भगिनींनो, विचार करून मत द्या. माझी मैत्रीण इतकी हसली की तिला उचकी लागली. मला हसू आलं नाही. मी हिशेब करत होते. होडीत सहा माणसं. दोघांच्याच हातांत काहीतरी होतं आणि नेमके तेच हात वर गेले. आमचे दोघींचे हात सबंध वेळ मोकळे होते, आणि त्यांत काही द्यावं असं कोणाला सुचलं नाही. आम्हाला मत होतं, दोर नव्हता.

दिवेलागणीला भरतीने आम्हाला उचललं. पण आमच्याआधी बातमी गावात पोचली होती.

शेजारच्या बायकांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी आईला विचारलं, म्हणजे ते जास्तच झालं. वडील ओसरीवर येरझारा घालत होते. ते म्हणाले, सभेत हात वर करणं वेगळं आणि चार पुरुषांबरोबर दिवसभर खाडीत बसून राहणं वेगळं. मी काही बोलणार तोच आई आतून आली. तिने स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेलं एक पत्रक ओढून काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. स्त्रीस्वातंत्र्यावरचं होतं. त्यांनीच लिहिलेलं.

“हे मागे घेताय का?” आईने विचारलं. “म्हणजे मी दुसरा कागद अंथरते.”

वडील बराच वेळ ते वाचत बसले, जणू दुसऱ्या कोणी लिहिलंय. मग मला म्हणाले, “नुसतं बसायला जाणार असशील तर घरीच बस. चालवायला जाणार असशील तर जा. पण मला तुझ्या हातात सुकाणू दिसलं पाहिजे.”

मी ही अट मान्य केली. मान्य न करून सांगते कोणाला?

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या ओसरीवर मंडळाची सभा भरली. काहींचं म्हणणं पडलं की बायका होडीत होत्या म्हणून पुरुषांना धोतरं वर खोचून उतरता आलं नाही, नाहीतर होडी केव्हाच निघाली असती. मांडीभर गाळाची आठवण कोणालाच राहिली नव्हती. चिटणिसांनी ठराव आणला. नौसैनिकांना कायमचं नायक करावं, आणि भगिनींना ‘सहानुभूतीदार सभासद’ असा मानाचा दर्जा देऊन काठावरची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवावी.

“काठावरची व्यवस्था म्हणजे चहा,” माझी मैत्रीण मोठ्याने म्हणाली. “सरळ लिहा ना, चिटणीस.”

मी उभी राहिले. माझा आवाज वडिलांकडून आला आहे, तो कापत नाही. मी म्हटलं की पाण्यावर हात वर करून चालत नाही, हे गाळात बसून मलाही कळलं. ज्याच्या हाती सुकाणू, त्याचाच शब्द, कबूल. पण ते सुकाणू पाळीपाळीने प्रत्येक सभासदाच्या हाती गेलं पाहिजे. सहानुभूतीदार वगैरे कोणी नाही. नाहीतर आमचं शीड आम्हाला परत द्या, त्याची आम्ही झबली शिवू.

सगळे नौसैनिकांकडे पाहायला लागले. नायकपद त्यांच्या हातात आयतं येत होतं.

“मी हुकमाखाली राहिलोय,” ते म्हणाले. “होडी एकाच्याच शब्दाने चालते, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण तो एक जन्मभर मीच असलो, तर तुम्ही बाकीचे कोण? रेतीची पोती. बाईंचं म्हणणं मला मान्य. फक्त परीक्षा घ्यायची. दुर्गाडीपासून आपल्या काठापर्यंत, तोंडावरच्या वाऱ्यात, होडी एकट्याच्या शब्दाने आणायची. बाकीच्यांनी सांगेल तेवढंच करायचं, आणि तोंड उघडायचं नाही.”

“मग पहिला नंबर बाईंचाच लावा,” चिटणीस म्हणाले. ओसरीवर हशा पिकला.

“लावा,” मी म्हटलं. “आणि मी काठाला लागले की चहा तुम्ही ठेवायचा.”

हे काटेकोर चिटणिसांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं.

फाल्गुन लागेपर्यंत मी दर रविवारी शिकले. नौसैनिक शिकवत, मैत्रीण दोर धरी. वारा कानांनी ओळखायचा असतो, हे पहिलं शिकले. डोळे मिटून तोंड हळूहळू फिरवायचं; दोन्ही कानांत सारखा आवाज आला की वारा तुमच्या समोर. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, हे डोक्याला लगेच कळलं, हाताला फार उशिरा. आणि सर्वांत जड गेलं ते तिरकं जाणं. जिथे पोचायचं ते समोर दिसतंय आणि आपण बाजूच्या तिवरांकडे निघालोय! मी एकदा चिडून म्हटलं की हा शुद्ध संधिसाधूपणा आहे.

“मग जा सरळ,” नौसैनिक म्हणाले आणि हात बांधून बसले.

मी गेले. म्हणजे तोंड वाऱ्यात घातलं. शीड धुणं वाळत घातल्यासारखं लोंबायला लागलं आणि होडी चक्क मागे सरकू लागली.

“वारा पत्रकं वाचत नाही, बाई.”

घरी जाताना मी त्यांना मनातल्या मनात म्हटलं, तिरकं गेलं तरी कुठे जायचं ते बदलत नाही ना, मग हरकत नाही. ते जर बदललं, तर मात्र मी तुमच्याशी भांडेन.

परीक्षेच्या दिवशी वारा चांगलाच होता. होडीत नौसैनिक, शिक्षक आणि चिटणीस. दोर चिटणिसांच्या हाती दिला. दुर्गाडी मागे पडला, आणि मी आयुष्यात प्रथम तीन पुरुषांना गप्प बसलेलं पाहिलं. होडी चालवण्यापेक्षा त्यांना ते कितीतरी अवघड जात होतं. शिक्षकांनी ओठ दाबून धरले होते. पाणी खाली चपचप वाजत होतं, आणि मी सांगितलं तसा दोर चिटणीस ओढत होते, सोडत होते. ‘ओढा’ म्हटलं की ओढला जातो, हा अनुभव मला नवीन होता. मला तो फार आवडायला लागला, म्हणून मी स्वतःला दटावलं.

तेच वळण आलं. तेच तिवर, तोच गाळाचा पट्टा. मी दांडा ढकलला, पण घाई केली होती. होडीला वेग नव्हता. ती अर्धी फिरली, वाऱ्यात अडकली आणि गाळाकडे मागे सरकायला लागली. पुढे आमच्या काठावर, झाडाखाली, पांढरा सदरा घातलेले माझे वडील उभे होते. चिटणिसांनी तोंड उघडलं. नौसैनिकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खांद्यावरच्या पंच्याचं टोक स्वतःच्या दातांत धरलं.

कोणीच बोललं नाही. मी आजवर ऐकलेल्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या शांततेने मला जास्त दिलं. कोणी ‘अहो बाई’ म्हणून दांड्याला हात घातला असता, तर मी तो सोडला असता, आणि पुन्हा कधी धरला नसता.

“दोर सोडा,” मी म्हटलं. शीड मोकळं झालं. दांडा उलटा धरला. होडीचं तोंड हळूच वाऱ्यापासून बाजूला वळलं. “ओढा आता.” ती कलली, तिने वेग घेतला. गाळ इतका जवळ होता की त्याचा वास येत होता. मी वेग पुरता येऊ दिला. मग म्हटलं, “डोकी खाली,” आणि दांडा ढकलला. शिडाची आडवी काठी आमच्या डोक्यांवरून धाडकन पलीकडे गेली, तांबडं कापड दुसऱ्या बाजूने फुगलं, आणि मुंब्र्याचा डोंगर होता तिथून सरकून बरोबर आमच्या समोर आला.

काठाला मात्र मी जोरात लावली. होडी खुंटावर आदळली आणि चिटणिसांचा चष्मा तळाच्या पाण्यात पडला. तो चाचपडून काढत ते बोललेलं पहिलं वाक्य असं होतं, “धक्का बसला, त्याची नोंद घ्यावी लागेल.”

“घ्या,” मी म्हटलं. “आणि स्टोव्ह पेटवा.”

वडील खाली आले. त्यांनी भाषण केलं नाही. नुसता होडीचा दोर हातात घेतला आणि कुठे बांधायचा, असं मला विचारलं.

चिटणिसांनी गुळाचा चहा केला. तो फाटला. आम्ही दोघी मधल्या फळीवर नाही, काठावरच्या दगडांवर पाय पसरून बसलो आणि तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. पुढच्या रविवारी मैत्रीण सुकाणूवर होती, आणि त्या दिवाळीनंतर चिटणिसांची धाकटी बहीण सभासद झाली. तिला त्यांनीच आणलं.

आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या मंडळात, शाळेत, छापखान्यात, घरात अशी कोणीतरी असेल, जिला मत आहे आणि दोर नाही. येत्या रविवारी जे काम कायम तुम्हीच करता, ते तिच्या हाती द्या. तिची पहिली चूक होईल. तुमचा हात आपोआप पुढे जाईल, तोंड उघडेल. तेवढ्यापुरतं पंच्याचं टोक दातांत धरा. आणि चहा तुम्ही ठेवा.