मास्तरांनी बांधलेले जाळे

तळ्याकाठच्या त्या गावात ज्याला म्हणून पोहता येत होते, त्याला ते मास्तरांनीच शिकवले होते. पोस्टमनला, दवाखान्यातल्या नर्सबाईंना, इतकेच काय, तळ्यावर बंदी घाला म्हणून ऊठसूट अर्ज करणाऱ्या वकिलालाही. शिकवण्याची रीत दांडगी. शिकणाऱ्याच्या हनुवटीखाली हात धरायचा, सोडणार नाही असे देवाशपथ सांगायचे आणि खोल पाण्यात खुशाल सोडून द्यायचे. माणूस शिव्या घालत घालत पोहू लागे. देवही मास्तरांच्या त्या खोट्या शपथा पोटात घालत असावा, कारण आजवर कुणी बुडाले नव्हते.

कोरडी राहिली होती ती एकटी घरची बाई. मास्तरीणबाईंचा पाठचा भाऊ लहानपणी विहिरीत गेला होता. तेव्हापासून त्या भरल्या पिंपाकडेही जरा जपूनच बघत. मास्तरांनी आर्जवे करून पाहिली, रुसून पाहिले. बाईंचे उत्तर ठरलेले असे.

"तुम्ही हात सोडता. मला ठाऊक आहे."

मग बाईंचा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, एक तर कापाकापी, नाही तर कमरेएवढ्या पाण्यात रोज चालणे. बाईंनी खूप विचार केला, देवापुढे बसल्या आणि उठून म्हणाल्या, "येते पाण्यात. पण तळ दिसत असेल तिथेच पाय ठेवीन. आणि पाण्यात मला काही शिवलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही. मग गुडघा राहो नाही तर जावो."

मास्तरांना आभाळ ठेंगणे झाले. त्यांनी तळ्यातल्या लाकडी धक्क्याला रुंद पायऱ्या ठोकल्या, कठडा लावला, फळ्यांच्या कडा कानशीने घासून घासून गुळगुळीत केल्या. दर मोसमाआधी ते पोहायच्या जागेतले सगळे पाणगवत उपटून काढत. या वेळी मात्र पायऱ्यांखालचे राहू दिले. ते उपटले असते तर गाळ उठला असता, आणि गढुळात बाई पाऊल टाकणार नव्हत्या. बायकोसाठी म्हणून राखलेले ते गवत पुढे तिच्याच रक्ताने लाल व्हायचे होते.

पहिला घाव पोस्टमनने खाल्ला. धक्क्यावर चढला तेव्हा पोटरीचे मांस पदरासारखे लोंबत होते.

"मास्तर, तुमच्या तळ्यात कुत्रं पाळलंय का हो?" असे म्हणाला आणि फळीवरच आडवा झाला.

नर्सबाईंनी त्याला टाके घातले. दोन दिवसांनी त्यांच्याच मांडीला तसाच चावा बसला. अर्धगोल, आरपार, सुयांच्या ओळीसारखा. मास्तरांनी जखम पाहिली आणि ओळखले. मरळ. हातभर लांब मासा, सापाचे तोंड, अंगात सगळी ताकदच. खोल पाण्यातून येत असणार, तिला बाहेर ठेवले की संपले. त्यांनी जाड दोरीचे जाळे आणले, खांबापासून खांबापर्यंत ताणले आणि खालच्या दोरीला शिशाचे गोळे बांधून तळाशी टेकवले. बुडी मारमारून सगळी कड हाताने चाचपली.

"मासा काय, करंगळी शिरणार नाही," ते बाईंना म्हणाले.

ते खरेच होते. आत काही शिरणार नव्हते, आणि आतले बाहेरही जाणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई जुना सुती गाऊन घालून पायऱ्या उतरल्या. मास्तरांनी त्यांचे दोन्ही हात धरले होते. पोस्टमन पायाला पट्टी बांधून धक्क्यावर गंमत बघत बसला होता. पाणी कमरेला लागले तशा बाई चक्क हसल्या.

"गार आहे हो. पण बरं वाटतंय."

पायऱ्यांजवळ पाण्यावर लाल तिखट सांडल्यासारखा एक डाग वळवळत होता.

"हे काय?"

"शेवाळ असेल."

बाईंनी एक हात सोडवून डागाकडे नेला. गवतातून काहीतरी सुटले आणि फेकलेल्या दगडासारखे त्यांच्या मांडीवर आदळले. पुढच्या क्षणी हाताच्या अंगठ्याखालचा मांसल भाग एका जबड्यात होता. मासा ओढून काढायला मास्तरांनी त्यांचा दुसरा हात सोडला, तशा त्या तोल जाऊन पाण्याखाली गेल्या.

मास्तरांनी काखेत हात घालून त्यांना वर ढकलले आणि पोस्टमनने धक्क्यावर ओढून घेतले. हाताला टॉवेल गुंडाळेपर्यंत तो भिजून लाल झाला. मास्तरांनी धक्क्यावरचे वल्हे उचलले आणि परत उडी टाकली.

सकाळी देवाला हात जोडल्याशिवाय चहा न पिणारा हा माणूस, पण त्या वेळी त्याच्यात देव उरला नव्हता. मासा छातीवर आला, बरगडीची कातडी घेऊन गेला. मास्तरांनी त्याला वल्ह्याने खांबाशी दाबला आणि डोके चेचले. कल्ले फाटले, एक डोळा बाहेर आला, तरी ते मारतच होते. मग शेपटीला धरून त्यांनी तो फळीवर भिरकावला. तिथेही जबडा उघडमीट करत होता.

दुसरी मरळ आली. तिने कानाची पाळी तोडली.

"ये," मास्तर म्हणाले. "ये, तुझीच वाट बघतोय." मानेवरून रक्त ओघळत होते आणि ते हसत होते.

धक्क्यावरून बाईंना तो लाल डाग नीट दिसला. डोळ्यांएवढीही नसलेली असंख्य पिल्ले. मरळ वळली की तीही वळत, सगळी मिळून जाळ्याच्या कोपऱ्यात चेपली जात.

"अहो, पिल्लं आहेत तिची. ती आतच राहत होती. तुम्ही तिला कोंडलंत."

वल्हे पुन्हा पाण्यावर आपटले.

"बाई, नका बोलू," पोस्टमन म्हणाला. "ते शुद्धीत नाहीत."

दोरी कापायचा चाकू खांबाला अडकवलेला असे. बाईंनी तो घेतला आणि त्या पायऱ्या उतरू लागल्या. पोस्टमन मागून हाका मारत राहिला. जखमी हात कठड्यावर घासत त्या कोपऱ्याच्या खांबाकडे निघाल्या. पाणी कमरेला, छातीला, मग खांद्याला. मरळीने नडगी फोडली. बाईंनी दात आवळले, थांबल्या नाहीत. मास्तरांनी वल्हे उगारलेलेच होते, तेवढ्यात त्यांना बायको दिसली. झेप घेऊन त्यांनी तिचा दंड पकडला.

"हात सोडा," बाई म्हणाल्या. "सोडा म्हणते ना. कापायचंय मला."

मास्तरांनी सोडला.

वरची दोरी तुटली, शिशाच्या वजनाने जाळे खाली बसले. लाल डाग बाईंच्या गळ्याला वळसा घालून खोल पाण्याकडे सरकला आणि त्याच्याखालून ती काळी पाठ गेली. फळीवरचा जबडा अजून हलत होता. मास्तरांच्या वल्ह्याला खवले चिकटले होते.

बाई चवड्यांवर उभ्या होत्या. पाणी हनुवटीला टेकले होते.

"तळ दिसत नाही हो इथे," त्या म्हणाल्या. "ते वल्हं टाका आधी. आणि हनुवटी धरा माझी."